हात कुणाचा?

हे लिहायचंच नव्हतं. सकाळपासून तीनदा मोबाईलवर टाईप केलं आणि तीनदा पुसलं. मी काय लेखक नाही. बारावीला गणितात आपटलो आणि शाळेशी संबंध संपला. पुढं जे काय शिकलो ते गावच्या वाचनालयातली मिळेल ती पुस्तकं वाचून. त्यामुळं चुका असतील. असू देत. आता चौथ्यांदा बसलोय, आता पुसत नाही.

"कोल्हा हाय. हात खाली घे."

दस्तगीर माझ्या कानाला लागून बोलला. मी बंदूक अर्धी उचलली होती. समोर उसातून तांबूस काहीतरी बाहेर आलं होतं, आणि मला ते डुकराचं पिल्लूच वाटत होतं. पुन्हा.

"नीट बघ की भावा. शेपूट बघ."

बघितलं. कोल्हाच होता. बांधावर चढला, आमच्यापासून दहा पावलांवर थांबला. मान वळवून उसाकडं बघितलं आणि पळून गेला.

आठ वर्षं झाली त्या सकाळीला. माघ महिना होता. बाळगोंडा आप्पांच्या मळ्यात ऊसतोड संपत आली होती, शेवटच्या सात-आठ सऱ्या तेवढ्या उभ्या होत्या. ऊस तुटत जातो तशी आतली जनावरं सरकत सरकत शेवटच्या पट्ट्यात गोळा होतात. मग तोडणारी माणसं बाहेर येतात, शिट्टी होते, आणि आमची पोरं एका टोकानं डबे बडवत आत शिरतात. दुसऱ्या टोकाला बांधाच्या आडोशाला आम्ही बंदूकवाले. नियम एकच. जनावर बांध ओलांडून आपल्या पाठीमागं गेलं की मगच गोळी. उसाकडं तोंड करून बंदूक उचलली तर मंडळातून बाहेर.

मंडळ म्हणजे आमच्या करंबळेवाडीचं शेतीराखण मंडळ. बारा बंदुका, सगळ्या परवान्याच्या, बहुतेक ठासणीच्या. बाळगोंडा आप्पा प्रमुख. ठासणीच्या बंदुकीला एक गोळी मारली की पुन्हा दारू, चिंधी, गोळी असं सगळं गजानं ठासावं लागतं, म्हणून प्रत्येक बंदुकीमागं एक भरणारा असतो. माझा भरणारा दस्तगीर नदाफ. पहिलीपासून एका बाकावर बसलेलो आम्ही.

माझं नाव धैर्यशील. नावाचं पुढं कळेल.

मंडळात मला कोल्हेराव म्हणायचे. आदल्या वर्षी मी पिल्लू समजून कोल्हा मारला होता. आमच्या आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या तरुणपणी कोल्हा मारला तर शेपूट काठीला बांधून गावात मिरवायचे, कारण कोल्हा उसाची कांडी चावून टाकतो, भुईमूग उकरतो, कलिंगडं फोडतो. आता ते दिवस गेले. आम्हाला परवानगीचा कागद मिळायचा तो फक्त रानडुकराचा. कोल्ह्याला हात लावायचा नाही. वनरक्षक आला, आप्पांना त्याच्यापुढं हात जोडावे लागले, मंडळ बंद व्हायचं राहिलं. बाकीच्यांनी थट्टेवारी नेलं. आण्णांनी नाही.

आण्णा मंडळाचे सगळ्यात पक्के नेमबाज होते. गुडघा गेला म्हणून बंदूक माझ्या नावावर केली. कोल्हा मारला त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "जनावर वळखायला येत न्हाई तर बंदूक कशाला धरायची?" त्यानंतर वर्षभर ते शिकारीला आले नाहीत. घरात मी बंदूक पुसायला काढली की उठून बाहेर जायचे.

दस्तगीरची गोष्ट वेगळी. त्याच्या आज्जाची बंदूक होती. आज्जा वारला आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. ती दस्तगीरच्या नावावर व्हायला मंडळाचं पत्र लागत होतं, की ह्याला बंदूक चालवता येते, हा आमचा माणूस आहे. दस्तगीरच्या घरात तो आणि त्याची आई, जैनबचाची. ओढ्याकडेला पाऊण एकर भुईमूग. पण मंडळाची राखण आधी बंदूकवाल्यांच्या शेताला, मग वेळ उरला तर बाकीच्यांच्या. वेळ कधी उरायचा नाही. दर वर्षी शेंगा भरल्या की डुकरं येऊन नांगरल्यासारखं रान करायची.

आप्पांनी त्याला सांगितलं होतं, "एक जनावर पाडून दाखव. बंदूक कुणाची बी असू दे. पत्राचं मी बघतो."

पण त्यात एक मेख होती. आमच्यात गोळी बंदुकीची धरतात. कुणी का मारेना, ज्याची बंदूक त्याचंच नाव. दुसऱ्याचा हात असेल तर बंदूकवाल्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, "बंदूक माझी, हात ह्याचा." तेही वाटे पडायच्या आत. जनावर कापण्याआधी आप्पा विचारतात, "हात कुणाचा?" त्यावेळी जो बोलला तो बोलला. वाटे पडले की वाद बंद. ह्या नियमामुळं गावात आजवर भांडण झालं नाही, असं आप्पा अभिमानानं सांगायचे.

आदल्या संध्याकाळी मी दस्तगीरला म्हटलं होतं, "उद्या गोळी तू मार. मी सांगतो आप्पांना."

तो माझ्याकडं बघत राहिला. "खरं?"

"खरं म्हणजे? तुला पत्र पाहिजे का नको?"

"पाहिजे की. पर आण्णा येणार हाईत उद्या. आप्पांचा मळा हाय, त्यांना यायलाच लागंल. तुला मारायची न्हाई व्हय त्यांच्यासमोर?"

"मला जमत न्हाई लेका. तुला जमतंय."

हे मी मोठेपणानं बोललो असं त्याला वाटलं. आत मात्र भीती होती. आण्णांच्या देखत पुन्हा चुकलो तर काय, ही. गोळी त्यानं मारली तर मी चुकणार नव्हतो.

तर कोल्हा गेला. दस्तगीर म्हणाला, "थांबून मागं बघितलं त्यानं. त्याच्या मागं काहीतरी मोठं हाय. दे इकडं."

मी बंदूक त्याच्या हातात दिली. गज माझ्याकडं घेतला. आम्ही उकिडवे बसलो होतो, गुडघ्याला गुडघा लागून. पाल्यावरच्या दवानं दोघांचीही पँट भिजलेली. त्याला सर्दी होती, नाक ओढायचं नाही म्हणून तो तोंडानं श्वास घेत होता. डब्यांचा आवाज जवळ येत होता. पलीकडून डबे बडवणाऱ्या सुबरावचा आवाज आला, "ए कोल्हेराव, जागा हाईस का झोपलास?"

"बोलू नको," दस्तगीर पुटपुटला.

आणि पाचट फाडत डुक्कर बाहेर आलं. सुळेवाला नर, मानेवरचे केस उभे. माझ्या तोंडातून "मार" निघालं.

"थांब."

ते बांधावर चढलं. आमच्या उजव्या हाताला पाच-सहा पावलांवर. मी डोळे मिटले. खरंच मिटले. उघडले तेव्हा दस्तगीर गुडघ्यावरच मागं वळला होता, जनावर पाठीमागच्या मोकळ्या रानात पुरतं गेलं, आणि मग आवाज झाला.

धूर निवळला तेव्हा डुक्कर अजून पळत होतं. चाळीस-एक पावलं पळालं. मग पुढचे पाय दुमडले आणि नाक मातीत घासत थांबलं.

दस्तगीर हसला नाही, ओरडला नाही. सवयीनं त्यानं बंदूक माझ्या हातात दिली, माझ्याकडचा गज घेतला आणि दारूची पिशवी सोडली. भरायला.

"भरतोस काय येड्या? पडलंय की ते!" मी म्हटलं.

तेव्हा कुठं तो हसला. त्याचे डोळे ओले झाले होते. "पडलं न्हवं?" एवढंच म्हणाला. "धैर्या, पडलं न्हवं?"

तेवढ्यात माणसं आली. बंदूक माझ्या हातात. तोंडातून अजून धूर निघत होता तिच्या.

सगळ्यात पुढं आण्णा होते. काठी कुठंतरी टाकून आलेले. गुडघा दुखतोय हे विसरून ढेकळं तुडवत, लंगडत. आधी डुकराजवळ गेले, वाकून जखम बघितली. कानाच्या मागं एकच भोक. मग माझ्याकडं आले. दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. लहानपणी ताप बघायला धरायचे तसं. मला त्यांच्या तळहाताला तंबाखूचा वास आला.

"आता कोल्हेराव न्हाई म्हणायचं बरं का!" सुबराव ओरडला. "सुभेदार म्हणायचं!"

"सुबऱ्या, तू आधी डबा खाली ठेव, कान फुटायची पाळी आली," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

सांगायचं होतं. आत्ता सांगू, जरा दम खाऊ दे, असं म्हणत होतो मनात. आप्पा विचारतील तेव्हा सांगायचंच आहे की. तोवर दोन मिनिटं आण्णांचा हात खांद्यावर असू दे. दोनच मिनिटं.

डुक्कर चौघांनी वाशाला बांधून मळ्यातल्या आंब्याखाली आणलं. पाचटाचा जाळ केला, केस भाजले. दस्तगीर लांब दगडावर बसला होता. तो आणि त्याचा आज्जा, दोघांनीही कधी डुकराचा वाटा घेतला नाही. शेत वाचावं म्हणून मारायचं, शिवायचं नाही. सुबराव दर वेळी तीच थट्टा करायचा.

"दस्त्या, तुझा वाटा माझ्याकडं बरं का!"

"घे की मामा. तुझ्या पोटाला दुसरा काय उद्योग हाय?"

"बघ, बघ, आज लई तोंड सुटलंय ह्याचं!"

सुटलंच होतं. मी त्याला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. दगडावर बसून पाय हलवत होता. मधून मधून माझ्याकडं बघत होता, आणि मी त्याच्याकडं बघितलं की भुवया उडवत होता.

आप्पांनी सुरा धुतला. टोपी काढून पुन्हा घातली.

"हात कुणाचा?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं.

"कुणाचा म्हणजे?" आण्णा माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले. "आप्पा, म्हातारा झालास व्हय? माझ्या पोराचा!"

हशा झाला. आप्पाही हसले, पण त्यांनी सुरा लगेच खाली घेतला नाही. दस्तगीरकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना काहीतरी वाटलं असणार. आदल्या आठवड्यातच ते दस्तगीरला एक जनावर पाडून दाखव म्हणाले होते, आणि आमची जोडी त्यांना ठाऊक होती.

"धैर्यशील?" ते म्हणाले.

दस्तगीरचे पाय हलायचे थांबले.

मी खाली वाकलो आणि पायातला काटा काढायला लागलो. पायात काटा नव्हता. वाकून तळवा चोळत राहिलो आणि मान हलवली. हो म्हणून. वर बघितलंच नाही. सुरा चामड्यात घुसल्याचा आवाज आला तेव्हा मान वर केली.

दगडावर कुणी नव्हतं.

मुंडकं आणि मागचा पाय आमच्या घरी आला. आण्णांनी भाऊबंदांना जेवायला बोलावलं. मी दोनदा रस्सा मागून घेतला. आण्णा प्रत्येकाला सांगत होते, डुक्कर कुठनं आलं, पोरगं कसं थांबलं, कसं वळलं. बघितलं तर त्यांनी काहीच नव्हतं, ते पलीकडच्या बांधावर होते. पण इतकं बरोबर सांगत होते, की मलाच वाटायला लागलं मी वळलो असणार.

दोन दिवसांनी दस्तगीर आला. दारात उभा राहिला, आत आला नाही. दारूची पिशवी आणि गज जोत्यावर ठेवला.

"दुसरा भरणारा बघ."

"दस्तगीर, ऐक की. आण्णा मधीच बोलले. मी सांगणारच हुतो."

"मग सांग. आत्ता चल आप्पांकडं."

"आता वाटे पडले लेका. आता आप्पा ऐकायचे न्हाईत."

"आप्पा न्हाई ऐकले तर न्हाई. तू सांग तर."

घरात आण्णा रेडिओ ऐकत होते. कधी नव्हे ते गुणगुणत होते. मी दाराकडं बघितलं आणि म्हटलं, "पुढच्या टायमाला. पुढच्या टायमाला नक्की."

चपला घालून गेला.

पुढची वेळ आली नाही. पत्र झालं नाही. भाद्रपदात, शेंगा उपटायला दोन दिवस असताना, डुकरांनी ओढ्याकडचं रान साफ केलं. जैनबचाची बांधावर बसली होती. पदरात जेमतेम मूठभर शेंगा. मी लांबून बघितलं आणि वाट बदलली. दिवाळीच्या आत दस्तगीर मावसभावाच्या ओळखीनं कुवेतला गेला. गडहिंग्लजच्या स्टँडवर त्याला सोडायला सगळी पोरं गेली होती. मी म्हटलं होतं, मला ताप आहे.

तेव्हापासून मी एकटाच बसतो बांधाला. भरणारा घेतला नाही. माझं मीच ठासतो, वेळ लागतो, डुकरं निघून जातात. आठ वर्षांत एक जनावर पडलं नाही माझ्या हातून, तरी कुणी कोल्हेराव म्हणत नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. कधी कधी शिट्टी होते, डबे वाजायला लागतात, आणि मी नकळत डावीकडं सरकून त्याच्या गुडघ्यापुरती जागा करतो. कुणी तोंडानं श्वास घेत असला तरी वळून बघतो. शिकारीची नाही, ह्याची आठवण येते मला. शेजारून कुणीतरी "थांब" म्हणायची.

गेल्या शुक्रवारी तो आला. चाचीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून आठ दिवसांची सुट्टी काढून. मला सुबरावकडून कळलं. पाच दिवस हिंमत झाली नाही. आज सकाळी उजाडल्यावर ओढ्याकडं गेलो, तर तो त्याच्या रानात उभा. रान कसलं, घाणेरी माजलीय नुसती. कानावर केस पांढरे झालेत त्याचे.

"आलास?" तो म्हणाला. जसं काय आम्ही कालच भेटलो होतो.

"बारीक झालास."

"तू जाड झालास. बायकोचा हात चांगला दिसतोय."

दोघं बांधावर बसलो. मग तोच म्हणाला, "आण्णा भेटले काल. चावडीच्या कट्ट्यावर."

"काय म्हणाले?"

"तेच. बसवून घेतलं मला, पोरं गोळा केली आणि सगळी गोष्ट सांगितली. डुक्कर कुठनं आलं, तू कसा थांबलास. लई रंगवून सांगतात." तो घाणेरीची काडी मोडत होता. "शेवटी मला म्हणाले, तू हुतास की रं शेजारी, सांग की ह्या पोरांना."

"मग?"

"मग काय. सांगितलं. म्हटलं, व्हय, लई भारी मारलं धैर्यानं."

ओढ्यात कुणीतरी म्हैस धूत होतं, तिकडं बघत बसलो.

"कशाला म्हणालास तसं?"

"म्हातारं माणूस हाय. हसत हुतं. आणि पोरं बघत हुती माझ्याकडं." त्यानं काडी टाकली. "पर धैर्या, रात्रभर झोप न्हाई मला. तिथं वाळूत मी सात वर्षं काढली, कुणी इचारलं तर सांगायचो, एका गोळीत डुक्कर पाडलंय मी, कानामागं. तिथल्या पोरांना खरं वाटत न्हवतं. हितं येऊन माझ्याच तोंडानं मी ते तुला देऊन टाकलं. मला पत्र नको आता. बंदूक बी नको. अम्मीला घेऊन जाणार मी, हे रान बी इकणार. पर गावातनं जाताना ते माझं मला पाहिजे."

"आण्णांना सांगायला पाहिजे."

"मी सांग म्हणत न्हाई. त्यांचं वय बघ. त्यांना लागंल."

लागणारच. दुसरं आहे काय त्यांच्याकडं? गुडघा गेला, आई गेली, कट्टा आणि ती एक गोष्ट उरली. ती मी काढून घेतली तर ते पुन्हा माझ्याकडं कसे बघतील, मला माहीत आहे. बंदूक पुसायला काढली की उठून जायचे, तसे.

"परवाची गाडी हाय माझी," दस्तगीर म्हणाला. उठून पँट झटकली. "येऊ का चहाला उद्या? का नको?"

"उद्या सकाळी नको येऊस," मी म्हटलं. "उद्या सकाळी आण्णांना सांगतो. मग त्यांना घेऊन आप्पांकडं जातो आणि कट्ट्यावर सगळ्यांच्या समोर सांगतो. तू घरातच थांब. सांगून झालं की मी सरळ तुझ्या दारात येतो. त्याच्या आधी तुला तोंड दाखवत न्हाई."